पहिलं अक्षर

आनंद गुप्तेने वर्तकनगरच्या घरी कॉम्प्युटर आणला, तेव्हा बिल्डिंगमधले लोक चपला बाहेर काढून एकेक करून बघून गेले. साल चौऱ्याण्णव होतं आणि त्या वसाहतीत कोणाच्या घरी अजून कॉम्प्युटर नव्हता. आनंद ठाण्यातल्याच वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात होता. कंपनीने जुनी मशिनं काढली, त्यातलं एक त्याने घेतलं. आतल्या खोलीत खिडकीखाली टेबल लागलं. रमाबाईंनी, म्हणजे आनंदच्या आईने, मॉनिटरला जुन्या पडद्याच्या कापडाचं कव्हर शिवलं. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आनंद सांगायचा, हे सुमतीसाठी आणलंय.

ते खोटं नव्हतं. लग्नाआधी सुमती डोंबिवलीच्या एका शाळेत शिकवत होती. लग्न होऊन ठाण्याला आल्यावरही काही महिने ती जात-येत राहिली. मग दिवस राहिले, म्हणून नोकरी सोडली. चौथ्या महिन्यात ते सगळं गेलं, आणि सुटलेली नोकरी सुटलेलीच राहिली. घरात बसून तुझं मन रमणार नाही, असं म्हणून आनंदने तिला स्वतः शेजारी बसून टायपिंग शिकवलं, फाइल कशी उघडायची, कशी ठेवायची, कशी काढून टाकायची ते शिकवलं. ओळखीच्या एका प्राध्यापकाचा मिठागरांवरचा इंग्रजी प्रबंध टाइप करायला आणून दिला. तो कधी आवाज चढवत नसे. पानही स्वतः घ्यायचा, ताटही स्वतः उचलायचा. शेजारच्या बायका सुमतीला म्हणायच्या, नशीब काढलंस बाई.

सुमतीलाही तसंच वाटायचं, आणि तरी दुपारी त्या खोलीत बसलं की छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं व्हायचं. आनंद दुपारी ऑफिसातून खालच्या वाण्याकडे फोन करून तिला बोलावून घ्यायचा. जेवलीस का विचारायचा. बाहेर जायचं म्हटलं की कुठली बस, कधी परत, हे तो प्रेमाने ठरवून द्यायचा. तिने एखादी गोष्ट मनात आणेपर्यंत तिचं उत्तर घरात तयार असायचं. याबद्दल कोणाकडे तक्रार करायची आणि काय म्हणून करायची, हे तिला कळत नव्हतं.

म्हणून ती लिहायला लागली. प्रबंधाची त्या दिवसाची पानं झाली की नवी फाइल उघडायची आणि मनात येईल ते लिहायचं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण त्या मशीनला देवनागरी येत नव्हती. फाइलला ती 'मन' म्हणून एम अक्षराने सुरू होणारं नाव द्यायची. गेलेल्या बाळाबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नाही, हे तिने लिहिलं. रमाबाई सकाळी मोरीत खाकरतात, गुळण्या करतात, त्या आवाजाची किळस येते, ही म्हातारी किती वर्षं जगणार आहे कोण जाणे, हेही एकदा रागाच्या भरात लिहिलं. मोठ्या बहिणीबद्दल, हेमाताईबद्दल लिहिलं. लिहून झालं की ती फाइल डिलीट करायची. यादीतून नाव गेलं की तिला पाटी पुसल्यासारखं हलकं वाटायचं. मग ती उठून चहा टाकायची.

संध्याकाळी आनंद आला की चहा घेऊन मशीनपुढे बसायचा. मशीन साफसूफ ठेवावं लागतं, असं म्हणायचा.

पुढे काही गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध असेल असं सुमतीच्या ध्यानात आलं नाही. तिच्या जुन्या मुख्याध्यापिकाबाई तलावपाळीला भेटल्या होत्या. जूनपासून एक जागा रिकामी होईल, अर्ज कर, असं त्या म्हणाल्या होत्या. घरी ती हे बोलली नव्हती, आधी धीर गोळा करत होती. आठवड्याभराने आनंद जेवताना सहज म्हणाला, की आईचे गुडघे फार दुखतात, या वर्षी तरी घरात कोणीतरी हवं. आणि बाईंना भेटायला ती गेली, तेव्हा बाई म्हणाल्या, अगं, तुझ्या मिस्टरांचा फोन आला होता, तुला जमणार नाही म्हणाले. दुसरी गोष्ट म्हणजे रमाबाई गुळण्या करायला मोरीत जाईनाशा झाल्या. तांब्या घेऊन त्या मागच्या गॅलरीत जायच्या, दार ओढून घ्यायच्या. म्हातारपणाची लहर, असं सुमतीला वाटलं.

तिसरी गोष्ट गोळ्यांची. मूल गेल्यावर सुमतीला लगेच दुसऱ्याची भीती बसली होती. आनंदला आणि रमाबाईंना मात्र घाई होती. कोलशेतची आवडाबाई बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन यायची. पाटी उतरवून जिन्यात बसली की सुमतीशी तिचं बोलणं व्हायचं. तिला चार पोरं झाली होती आणि दोन गेली होती, त्यामुळे तिच्यापुढे सुमतीला लाज वाटली नाही. आवडाबाईने सरकारी दवाखान्यातून गोळ्यांची पाकिटं आणून दिली, बोंबलाच्या कागदाखाली लपवून. सुमतीने ती रांगोळीच्या डब्यात तळाशी ठेवली होती.

एका सकाळी डबा उघडला, तर पाकिटं नव्हती. रांगोळी मात्र नीट सारखी केलेली होती. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आनंदने नेहमीसारखं तिला जेवलीस का विचारलं. भांड्याचा आवाज झाला तरी ती दचकत होती. कोणीतरी विचारावं, रागवावं, म्हणजे निदान काहीतरी बोलता तरी येईल, असं तिला वाटत राहिलं.

गोळ्यांचं फक्त आवडाबाईला माहीत होतं. म्हणजे तीच रमाबाईंजवळ बोलली असणार. पुढच्या वेळी आवडाबाई जिन्यात आली, तेव्हा सुमतीने दार अर्धंच उघडलं आणि उद्यापासून इथे येऊ नकोस म्हणून सांगितलं. का, ते विचारल्यावर तिने तोंडावरच सांगितलं, की तू चुगली केलीस.

आवडाबाई पाटीला हात लावून उभी राहिली. "मी कनाला सांगू, बाय? माझ्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर नाय येत." मग तिने पाटी डोक्यावर घेतली आणि एकाही मजल्यावर न थांबता खाली उतरून गेली. त्यानंतर ती त्या बिल्डिंगमध्ये आली नाही. सुमतीला बोलायला होतं ते एक माणूसही गेलं.

पावसाळ्यानंतर प्रबंध संपत आला. शेवटचं प्रकरण ठेवताना मशीनने डिस्क भरली असल्याचं सांगितलं. सुमतीला आश्चर्य वाटलं, कारण ती तर सगळं पुसत होती. जागा कशाने खाल्लीय ते बघायला ती डिस्कवरचा एकेक कप्पा उघडत गेली. टॅक्स नावाचा एक कप्पा होता. तो आनंदच्या इन्कम टॅक्सचा असेल म्हणून तिने कधी बघितला नव्हता. तो उघडला, तर आत फाइलींची लांब रांग होती, आणि सगळ्यांची नावं ए अक्षराने सुरू होत होती. तिने एक उघडली.

तिचं स्वतःचं वाक्य समोर आलं. दुसरी उघडली. त्यात बाळ होतं. तिसरीत रांगोळीचा डबा होता.

मशीनसोबत आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक टेबलाच्या खणात पडलेलं होतं. तिने ते काढलं आणि हवं ते पान शोधून पुन्हा पुन्हा वाचलं. फाइल डिलीट केली की मशीन फक्त तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडतं आणि ती जागा मोकळी झाली असं धरून चालतं. मजकूर होता तिथेच राहतो, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आणि तो परत आणण्याची सोयही मशीनमध्येच आहे. मशीन एवढंच विचारतं, की या नावाचं पहिलं अक्षर काय होतं. खरं अक्षर सांगावं लागतं असंही नाही. कोणतंही चालतं.

आनंदने प्रत्येक फाइलला स्वतःचं अक्षर दिलं होतं.

सुमतीने मशीन बंद केलं, कव्हर घातलं आणि भाजी चिरायला बसली. आपण काय काय लिहिलंय हेही तिला आता आठवेना. त्याला मात्र सगळं आठवत असणार. संध्याकाळी तो चहा घेऊन आत गेला, तेव्हा ओट्यापाशी उभी राहून ती बटणांचा आवाज ऐकत राहिली. जेवताना तो नेहमीसारखा हसून बोलला. तिला त्याच्याकडे बघता येत नव्हतं आणि बघितलं नाही तर त्याला कळेल, म्हणून ती बघत होती.

लिहिणं एकदम थांबवलं तर त्याला संशय आला असता. म्हणून ती लिहीत राहिली. आज कोलंबी चांगली मिळाली, असं लिहिलं. सासूबाईंच्या गुडघ्याला तेल लावलं, असं लिहिलं. आणि नेहमीप्रमाणे डिलीट केलं, त्याने काढून वाचावं म्हणून. एकदा तिने लिहिलं, की हल्ली मला बरं वाटतं. त्या दिवशी ते वाचून झाल्यावर तो पायात चपला घालून खाली गेला आणि गजरा घेऊन आला. तिच्या केसांत त्याने तो स्वतःच्या हाताने माळला. तेव्हा सुमतीला कळलं, की आता आपल्याला एकटं असण्याची जागा या घरात कुठेच उरली नाही. खोलीत कोणी नसतानाही आपण त्याच्यासाठीच बसतो, त्याच्यासाठीच लिहितो.

पुढच्या सोमवारी आनंद कामावर गेला आणि ती टेबलाशी बसली. टॅक्सच्या कप्प्यातल्या सगळ्या फाइली तिने काढून टाकल्या. तेवढ्याने काही होणार नव्हतं. लिहिलेल्यावर दुसरं लिहिलं तरच ते जातं, हे आता तिला पाठ झालं होतं. तिने मिठागरांचा प्रबंध घेतला आणि त्याची प्रत केली, प्रतीची प्रत केली, आणि अशा प्रती करत गेली. मशीनच्या पुढचा लाल दिवा लुकलुकत होता आणि आत काहीतरी कुरतडल्यासारखा आवाज येत होता. खालून वाण्याच्या पोराने फोन आल्याची हाक मारली, तेव्हा ती पळत गेली, जेवले म्हणाली आणि पळत परत आली. जागा उरली नाही, असं मशीनने सांगितलं, तेव्हा तिने त्या सगळ्या प्रती काढून टाकल्या. मग पुस्तकात बघून तिने स्वतःच अनडिलीट करून, म्हणजे पुसलेलं परत आणून पाहिलं. ए अक्षर दिलं. फाइल परत आली. उघडली, तर आत भाईंदरच्या मिठाचं वर्णन होतं. दुसरीतही मीठ होतं. ती कितीतरी वेळ नुसती ते वाचत बसली.

त्या संध्याकाळी आनंद नेहमीपेक्षा जास्त वेळ आत होता. बाहेर आला तो हसतच.

"सुमा, सगळीकडे मिठागरंच झालीयत गं," तो म्हणाला. "एवढ्या प्रती कशाला केल्यास?"

जागा किती आहे ते बघत होते, असं ती म्हणाली. अशाने मशीन बिघडतं, मला विचारायचंस, असं तो समजावून म्हणाला. मशीनच्या पुढच्या बाजूला कुलूप होतं. त्याची बारकी किल्ली त्याने फिरवली. ती फिरवली की बटणं चालत नसत. किल्ली काढून त्याने पॅंटच्या खिशात टाकली.

"तुझ्या डोळ्यांना आराम पडेल," तो म्हणाला. "आणि काळजी करू नकोस. महत्त्वाचं असतं ते सगळं मी फ्लॉपीवर घेऊन ऑफिसात ठेवतो."

त्याने मटार सोलायला घेतले आणि तिच्या शेजारी बसून सोलले. टीव्ही चालू होता. सुमतीच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, की ती दिवसभर जिथे पुसत बसली होती, तिथे ते नव्हतंच.

थंडीत रमाबाईंचा खोकला वाढला. एका सकाळी गॅलरीत गुळण्या करताना त्यांना एवढी ढास लागली, की तांब्या हातातून सुटला. सुमती धावली, त्यांना धरून खुर्चीवर बसवलं, गरम पाणी आणून दिलं. इथे वाऱ्यात कशाला उभ्या राहता, मोरी आहे ना, असं ती म्हणाली. रमाबाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला किळस येते ना."

सुमतीने त्यांच्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला.

"मी असं कधी म्हटलं, आई?"

"म्हटलं नाहीस. लिहिलंस. आनंदने वाचून दाखवलं मला. म्हातारी किती वर्षं जगणार, तेही." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मी त्याला म्हटलं, पुरे रे. तो वाचतच राहिला. तू देवळात गेलेली असायचीस, तेव्हा."

सुमती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. रमाबाई इतके महिने हे मनात घेऊन तिच्या हातचं जेवत होत्या, तिच्याकडून गुडघ्याला तेल लावून घेत होत्या. ती रडायला लागली, तेव्हा त्यांनी तिला जवळ घेतलं नाही.

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस," त्या म्हणाल्या. "पण सासूबद्दल मनात काय येतं ते मलाही माहीत आहे. मीही सून होते. ते माझ्या मनात राहिलं, कोणी तिला नेऊन सांगितलं नाही. त्याने मला ते ऐकवायला नको होतं गं." मग त्या म्हणाल्या, "तुला बहिणीकडे जायचं असेल तर जा. मला सांगून गेली, असं मी म्हणेन."

दुपारचा फोन येण्याआधी सुमती निघाली. एका पिशवीत चार साड्या घेतल्या. स्टेशनला जाण्यापूर्वी ती मासळी बाजारात गेली आणि ओळीत बसलेल्या बायकांत आवडाबाईला शोधून काढलं. तिच्यापुढे उभी राहून ती म्हणाली, की तू सांगितलं नव्हतंस, मला आता कळलंय. आवडाबाई पापलेटावर पाणी मारत होती. ती थांबली नाही.

"आधी इचारायचं होतंस, बाय," ती म्हणाली. "मंग दार लावायचं." मग तिने पिशवीकडे बघितलं, कुठे चाललीस विचारलं आणि सरकून बाजूला जागा केली. गाडीची वेळ होईपर्यंत सुमती तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिली.

हेमाताई डोंबिवलीला राहायची. तिचे यजमान हरिहर बॅंकेत होते. चार दिवस राहायला आलीस ते बरं केलंस, असं दोघं म्हणाले. चार दिवस झाल्यावर मात्र ते तिच्याकडे प्रश्नार्थक बघायला लागले. पहिल्या रविवारी आनंद आला. पेढे आणले होते. हरिहरांशी बॅंकेतल्या कॉम्प्युटरविषयी बोलला, भाच्याचं गणित सोडवून दिलं. तो गेल्यावर हरिहर म्हणाले, माणूस इतका साधा आहे, तुमचं नक्की काय बिनसलंय? नवरा माझं पुसलेलं वाचतो, हे वाक्य तिलाच वेड्यासारखं वाटत होतं. आणि काय पुसलेलं, असं कोणी विचारलं तर?

दुसऱ्या रविवारी तो परत आला. या वेळी चहा झाल्यावर त्याने शर्टाच्या खिशातून एक काळी फ्लॉपी काढली आणि टीपॉयवर ठेवली. तो अगदी मऊ आवाजात बोलत होता. सुमतीची तब्येत बरी नाही, मूल गेल्यापासून ती मनाने खचलीय, तिच्या मनात काय काय येतं ते मी जपून ठेवलंय, डॉक्टरांना दाखवावं लागेल म्हणून. तुमच्या बॅंकेतल्या मशीनवर लावून तुम्हीच बघा भावोजी, मग ठरवू. आज ती माझ्याबरोबर आली तर याची गरजही पडणार नाही.

हरिहरांनी फ्लॉपीकडे बघितलं. हेमाताईने सुमतीकडे बघितलं. दार दोन पावलांवर होतं, पण दारातून बाहेर पडून काही उपयोग नव्हता. ती जिथे जाईल तिथे पुढच्या रविवारी हा पेढे आणि फ्लॉपी घेऊन आला असता.

"त्यात काय आहे ते मीच सांगते," ती म्हणाली.

आनंद म्हणाला, सुमा, दमू नकोस. पण ती बोलायला लागली होती. बाळ गेल्यावर कोणी त्याचं नाव काढलं नाही, म्हणून मी रोज त्याच्याशी बोलायचे, ते त्यात आहे. मला इतक्यात मूल नको होतं म्हणून चोरून गोळ्या घेत होते, ते त्यात आहे. सासू कधी मरेल असं मी लिहिलंय. हे झोपल्यावर यांच्याकडे बघून मला भीती वाटते, असं लिहिलंय. हेमाताईकडे कधीच जाणार नाही, कारण ती मला परत पाठवेल, असंही लिहिलंय. एवढं बोलायला तिला खूप वेळ लागला. पण ती थांबली नाही. "हे मी माझ्यासाठी लिहून पुसलं होतं," ती शेवटी म्हणाली. "ते काढून यांनी रोज वाचलं. आईंना वाचून दाखवलं. आता तुम्हाला. मी काही यांच्याबरोबर जाणार नाही."

भाचा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा होता. हेमाताईने त्याला आत पाठवलं. गोळ्यांचं ऐकून हरिहरांचा चेहरा लाल झाला होता आणि ते जमिनीकडे बघत होते. फ्लॉपीला मात्र त्यांनी हात लावला नाही. ते आनंदला म्हणाले, की हे तुम्ही परत घेऊन जा. आनंदने ती उचलून खिशात ठेवली. त्याचा आवाज तेव्हाही चढला नाही. मी पुढच्या रविवारी येतो, असं तो म्हणाला, पण तो आला नाही. वकिलाची नोटीस आली. पुढची काही वर्षं कोर्टात गेली, आणि त्या फ्लॉपीतलं काही काही तिथेही वाचलं गेलं. तोपर्यंत सुमती विठ्ठलवाडीच्या एका शाळेत शिकवायला लागली होती, आणि वाचलं जात असताना ती मान वर करून ऐकू शकली.

पण त्या रविवारी हे काहीच ठरलेलं नव्हतं. आनंदची पावलं जिन्यावरून खाली गेली. हरिहर आत जाऊन पडले. हेमाताई कपबशा गोळा करत होती. त्या घेऊन ती स्वयंपाकघरात गेली, परत आली आणि दाराशी उभी राहिली.

"मी तुला परत पाठवेन, असं लिहिलं होतंस?"

"हो."

हेमाताईने पदराला हात पुसले. "पाठवणारच होते," ती म्हणाली. "उद्या सकाळी ह्यांना सोबत देऊन." मग तिने कपाटातून एक धुतलेली चादर काढली, भाच्याची वह्या-पुस्तकं दिवाणावरून खाली ठेवली आणि सुमतीसाठी तिथे नीट अंथरूण घालायला लागली.